लिंग : पुरुष, गर्भधारणेचा आठवडा : लागू नाही

मूत्ररोग शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आणि प्रयोगशाळेतले माझे सहकारी, यांना

स.न.वि.वि.

मी रक्ताच्या नळ्यांमध्ये दिवस काढणारी बायोकेमिस्ट. पेशंटचा चेहरा माझ्यापर्यंत पोचत नाही. पोचतो तो नळीवरचा बारकोड आणि तुम्ही भरलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर ‘रुग्णाची थोडक्यात माहिती’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एक तिरकी रेघ मारलेली असते. हे पत्र त्या रेघेबद्दल आहे.

काही महिन्यांपूर्वी एका दुपारी आमची टेक्निशियन हसत हसत आत आली. ‘मॅडम, ह्या आजोबांची शेवटची पाळी कधी आली ते विचारतंय.’ विचारत होतं आमचं सॉफ्टवेअर. चिठ्ठीवर होतं : पुरुष, वय ७१, तपासणी बीटा-एचसीजी (गर्भारपणात वारेतून येणारं संप्रेरक). माहितीच्या रकान्यात रेघ. पाळीची तारीख टाकल्याशिवाय पडदा पुढे सरकेना, म्हणून तिने त्या दिवसाचीच तारीख ठोकून दिली. संध्याकाळी निकाल आला २,३००. पुरुषाच्या रक्तात हा आकडा जेमतेम एक-दोनच्या आसपास असायला हवा. रिपोर्टखाली नेहमीचं कोष्टक आपोआप छापलं गेलं : गर्भधारणेचा तिसरा आठवडा इतकं ते इतकं, चौथा इतकं ते इतकं. आजोबा पाचव्या आठवड्यात बसत होते.

मी काय केलं ते प्रांजळपणे सांगते. नळी बदलली असणार असं धरून चालले. दुसरा नमुना मागवला, पण तो येईपर्यंत पहिला रिपोर्ट थांबवायला हवा होता, तो थांबवला नाही. घरच्यांच्या हातात तो कागद पडला. त्यांना राग आला, आणि तो यायलाच हवा होता. आमची प्रयोगशाळाच बेभरवशाची, असं ठरवून ते दुसरीकडे गेले, मग तिसरीकडे. आकडा सगळीकडे तोच. यात अकरा दिवस गेले.

दरम्यान रक्त काढणाऱ्या मुलाने एक गोष्ट सांगितली, तीही सहज, चहा पिताना. बाही वर सरकवताना त्याचं कोपर आजोबांच्या छातीला लागलं तर ते कळवळले. ‘दोन महिने झाले, सदरा घासला तरी ठणकतं,’ असं म्हणाले. एचसीजी हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरात एलएच या पिट्यूटरी ग्रंथीच्या संप्रेरकासारखं वागतं, वृषणातल्या पेशींना कामाला लावतं, इस्ट्रोजेन वाढतं आणि स्तनाची गाठ दुखू लागते. वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टरने ती गाठ हाताला लागल्यावरच ही तपासणी लिहिली होती. लिहिताना कारण मात्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला नळी बदलल्याचा संशय येण्याऐवजी फोन उचलावासा वाटला असता.

शेवटी उचललाच. तेव्हा कळलं की आजोबांच्या लघवीतून न दुखता रक्त जात होतं, दुर्बिणीतून मूत्राशयातली मोठी गाठ खरवडून काढली होती, आणि तिचे तुकडे दोन मजले वर आमच्याच हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेल्या तुकड्यांतल्या पेशी तपासणाऱ्या विभागात, तीन आठवडे पडून होते. तिथल्या डॉक्टरांनी स्लाइडवर राक्षसी आकाराच्या, अनेक केंद्रकांच्या पेशी पाहिल्या होत्या. रिपोर्टमध्ये एका ओळीत त्या नोंदवल्याही होत्या. एचसीजी कुणी मागवलं आहे हे त्यांच्या कानावर नव्हतं. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी त्याच ब्लॉकच्या नव्या चकत्या काढून एचसीजीचं इम्युनो-रंजन केलं, म्हणजे एचसीजी असेल तिथेच चढणारा रंग लावला. त्या राक्षसी पेशी तपकिरी रंगाने भरून गेल्या. वारेच्या पेशींसारख्या वागणाऱ्या पेशी, एका म्हाताऱ्या माणसाच्या मूत्राशयात.

तीन खोल्यांत तीन तुकडे होते. छातीची गाठ वॉर्डात, आकडा माझ्याकडे, पेशी वरच्या मजल्यावर.

हे काही नवं नाही. मूत्राशयातल्या कोरिओकार्सिनोमाची, म्हणजे वारेसारख्या पेशींच्या कर्करोगाची, नोंद १९०४ सालीच एका जर्मन नियतकालिकात झाली होती, तीही एका वयस्कर स्त्रीची. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशा नोंदी तुरळकच आल्या. शुद्ध कोरिओकार्सिनोमा फारच विरळा. पण नेहमीच्या युरोथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशींच्या, कर्करोगाने थोड्या भागात असं रूप घेणं, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचाच दिसत असूनही एचसीजीची फक्त बीटा साखळी रक्तात सोडणं, हे तितकं विरळा नाही. अशी गाठ बहुधा पुढच्या टप्प्यावरची आणि चिवट निघते.

मूत्राशयाच्या अस्तराला हे जमतं कसं? अस्तर बनतं गर्भातल्या यूरोजेनिटल सायनस या पोकळीपासून, आणि तो येतो क्लोआकातून, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग जिथून येतो तिथूनच. प्रोस्टेटही त्याच सायनसचं मूल. कर्करोगाच्या पेशींमध्ये जनुकांवरची कुलपं निघू लागली की ही जुनी नाती वर येतात. म्हणून मूत्राशयाची गाठ आतड्यासारखी ग्रंथी बनवून सीईए हे आतड्याच्या कर्करोगात वाढणारं प्रथिन सोडू शकते, क्वचित यकृतासारखी दिसून एएफपी हे यकृताच्या कर्करोगात वाढणारं प्रथिन सोडते, आणि तिच्यात प्रोस्टेटच्या पीएसए या प्रथिनाचा रंगही उमटू शकतो. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे नव्वद टक्के युरोथेलियल असतात, त्यामुळे आपले डोळे त्यालाच सरावलेले. पण त्या नव्वदातलेही कितीतरी अंगात मिश्र असतात. एका चकतीत तीन पोत दिसतात.

आता प्रत्येक मार्करची, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या अशा प्रत्येक खुणेची, एकेक ओळ देत बसत नाही, पुस्तकांत ते आहे. ज्यांनी माझी झोप उडवली त्यांच्याबद्दल बोलते.

पहिला सीए १९-९, एरवी स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मोजला जाणारा. युरेकसचा कर्करोग हा मूत्राशयाच्या माथ्यापासून बेंबीपर्यंत जाणाऱ्या गर्भावस्थेतल्या नळीच्या अवशेषातून उगवतो. लघवीतून कधी कधी चिकट श्लेष्मा पडतो. रक्तात सीईए, सीए १९-९ किंवा सीए १२५ (एरवी बीजकोशाच्या कर्करोगासाठी मोजतात ते) वाढलेलं सापडू शकतं. त्याची शस्त्रक्रियाच वेगळी : मूत्राशयाचा माथा, मधला पट्टा आणि बेंबी हे सगळं एकत्र काढायचं. गाठ नुसती माथ्यावर असणं आणि सोबत सीईए वाढलेलं असणं, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सर्जन चाकू उचलण्यापूर्वी थबकतो. पण सीए १९-९ हा लबाड मार्कर आहे. हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे लघवी अडून किडनी फुगलेली, असली तरी तो चढतो आणि मूत्रमार्ग मोकळा केला की उतरतो. म्हणजे गाठीने मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगवली असेल, तर वाढलेला आकडा गाठीचा की अडलेल्या लघवीचा, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. उलट, लुईस रक्तगटाचं प्रतिजन ज्यांच्यात तयारच होत नाही अशा पाच ते दहा टक्के लोकांत हा मार्कर कितीही कर्करोग असला तरी वाढत नाही. त्यांचा शून्याच्या आसपासचा आकडा पाहून ‘उपचारांना छान प्रतिसाद’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. उपचार सुरू होण्याआधीही तो शून्याच्याच आसपास होता.

सीईएचीही एक गंमत. सिगारेट ओढणाऱ्यांत तो थोडा चढलेला असतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सिगारेट. तेव्हा किंचित वाढलेला सीईए आला की पेशंट ओढतो का हे मला कळायला हवं. चिठ्ठीत असतं? रेघ असते.

दुसरा, प्लाझ्मासायटॉइड, हा मूत्राशयाच्याच कर्करोगाचा एक प्रकार. हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्रांचा खास शत्रू. पेशी सुट्या सुट्या, केंद्रक एका बाजूला सरकलेलं, अगदी प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींसारख्या. प्लाझ्मा पेशींची खूण असलेल्या सीडी १३८ चा रंग लावला तर तोही चढतो, आणि घाईत असलेल्या माणसाच्या तोंडून मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, हे नाव निसटतं. वास्तविक ह्या पेशींमध्ये बहुधा ई-कॅडहेरिनचं जनुक बिघडलेलं असतं, म्हणून त्या एकमेकींना धरून राहत नाहीत आणि पोटाच्या अस्तरावर चादरीसारख्या पसरतात. रक्तस्राव उशिरा होतो, स्कॅनमध्ये ठळक गाठ दिसत नाही, आणि सीए १२५ किंवा सीए १९-९ मात्र चढलेलं असू शकतं. पेशंट बाई असेल तर सीए १२५ पाहून तिची रवानगी थेट स्त्रीरोग विभागाकडे होते, आणि मूत्राशयाकडे पाहायचं राहून जातं.

तिसऱ्या गटाला मार्कर म्हणावं की नाही, यावर वाद घालता येईल. पण माझ्या मते सर्वांत धोकादायक तोच आहे, कारण तो कर्करोगाच्या वेषात येतच नाही. पांढऱ्या पेशी साठ-सत्तर हजारांवर, ताप नाही, कल्चर निरंक, अँटिबायोटिक तीन वेळा बदलून झालं. गाठच जी-सीएसएफ, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारं द्रव्य, सोडत असते. कॅल्शियम वाढलेलं, कॅल्शियम वाढवणारं पीटीएच संप्रेरक दबलेलं, पेशंट गुंगलेला, बद्धकोष्ठ, तहान शमत नाही : गाठ त्याची नक्कल करणारं पीटीएचआरपी सोडते. पोटॅशियम सतत खाली, रक्तदाब वर, स्नायूंत दम नाही : लहान पेशींचा कर्करोग एसीटीएच, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींना चेतवणारं संप्रेरक, सोडतो. ह्या तिन्हींत पेशंट मूत्ररोग विभागात नसतोच, मेडिसिनच्या वॉर्डात असतो. त्याची लघवी लाल होते हे त्याने कुणाला तरी सांगितलेलंही असतं. ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ असं लिहून ते पान उलटलेलं असतं.

लहान पेशींच्या कर्करोगाबाबत एवढंच म्हणते की तो ओळखला गेला तर बहुधा आधी केमोथेरपी, प्लॅटिनम आणि एटोपोसाइड, आणि मग बाकीचं. नाव चुकलं की उपचारांचा क्रमच चुकतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड कार्सिनोमा’ एवढ्यावर थांबू नका. काय काय पोत दिसले, प्रत्येक साधारण किती टक्के, स्नायूचा थर नमुन्यात होता का, हे लिहा. तुमच्यातले बरेच जण लिहितात, हे मला माहीत आहे. जे लिहीत नाहीत त्यांना सांगते आहे.

आणि एक सावधगिरी, जी मला वरच्या मजल्यावरच्या मित्रांनीच शिकवली. गाटा-३ या युरोथेलियल पेशींच्या खुणेचा रंग उमटला म्हणजे पेशी युरोथेलियलच, असं म्हणता येत नाही. वारेच्या पेशींतही तो उमटतो. म्हणजे नेमक्या ज्या गाठीत त्याची गरज असते तिथेच तो साक्ष फिरवतो.

आता माझ्या घरातला कचरा. रक्तातला एचसीजी आम्ही मोजतो तो दोन प्रतिपिंडांच्या मध्ये रेणू पकडून. काही लोकांच्या रक्तात असे प्रतिपिंड असतात की ते रेणू नसतानाच त्या दोघांचे हात जुळवून देतात. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा १२ स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्यात एचसीजी नव्हतंच, तरी खोट्या आकड्यांवर विसंबून त्यांच्यावर विनाकारण उपचार झाले होते. म्हणून विचित्र आकडा आला की आम्ही नमुना पातळ करून पाहावा, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालवावा, आणि लघवी तपासावी, कारण हे दुभाषे प्रतिपिंड लघवीत उतरत नाहीत. आजोबांच्या रक्ताळलेल्या लघवीतलं रक्त फिरवून खाली बसवलं, वरचं पाणी नेहमीच्या गर्भचाचणीच्या कार्डावर टाकलं. आधी एक गुलाबी रेघ आली, मग दुसरी. टेक्निशियन या वेळी हसली नाही.

पण कार्ड कोरं राहिलं असतं तर? तर काहीच सिद्ध झालं नसतं. मूत्राशयाच्या कर्करोगातून बऱ्याचदा नुसती सुटी बीटा साखळी येते, आणि कार्ड शोधतं ते पूर्ण संप्रेरक. रक्ताच्या किटचंही तसंच. गर्भारपणासाठी बनवलेली काही किट सुटी साखळी नीट मोजत नाहीत. तुमच्या प्रयोगशाळेचं किट काय मोजतं, हे एकदा विचारून घ्या. हा प्रश्न मला आजवर एकाही सर्जनने विचारलेला नाही.

याच्या उलटंही घडतं. मार्कर अतोनात वाढला की दोन्ही प्रतिपिंडांचे हात वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, पूल बांधलाच जात नाही आणि यंत्र आकडा कमी दाखवतं. शिवाय पेशंट केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेत असेल तर काही यंत्रांवर आकडे वरखाली होतात. हे सगळं आम्हाला तपासता येतं. फक्त कुणीतरी ‘आकडा आणि पेशंट जुळत नाहीत’ असं सांगावं लागतं. मूत्राशयात गाठ असलेल्या तरुण स्त्रीचं एचसीजी वाढलेलं आलं तर मात्र आधी गर्भ आहे का ते पाहा. दुर्मीळ रोगाच्या नादात साधी गोष्ट सुटायला नको.

हे पत्र वाचून कुणी उद्यापासून प्रत्येक लघवीच्या तक्रारीला सहा मार्करांचं पॅकेज लिहू लागला तर मला फार वाईट वाटेल. मूत्राशयाचा कर्करोग शोधायला रक्तातल्या मार्करांचा उपयोग नाही. न दुखता लघवीतून रक्त गेलं तर दुर्बीण, स्कॅन आणि तुकडा, एवढाच रस्ता. निरोगी माणसाचं सीए १२५ मोजलं तर कुठल्यातरी निरुपद्रवी कारणाने चढलेला आकडा हाती येतो आणि माणूस महिनोन्‌महिने स्कॅनच्या रांगेत उभा राहतो. जगभरात वर्षाला सहा लाखांहून अधिक लोकांना मूत्राशयाचा कर्करोग होतो. त्यातल्या फार थोड्यांच्या बाबतीत ह्या पत्राला अर्थ आहे.

त्या थोड्यांसाठी मात्र मागणं आहे.

गाठ वेगळी वाटली, म्हणजे माथ्यावर असली, श्लेष्मा पडत असला, स्लाइडवर राक्षसी पेशी किंवा ग्रंथी दिसल्या, छातीत गाठ आली, कॅल्शियम बिघडलं, तर मोठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सुरू होण्याआधी एक नळी रक्त काढून ठेवा. लगेच काही मोजू नका हवं तर. सीरम वेगळं करून गोठवून ठेवू. पेशींचं नाव निश्चित झालं की कोणता मार्कर मोजायचा ते सांगा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला तोंड-शेपूट राहत नाही. आजोबांच्या बाबतीत मोठ्या शस्त्रक्रियेआधीचा आकडा नशिबाने होता. एचसीजी रक्तातून दीड दिवसात साधारण निम्मं होतं. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांत ते जवळपास संपायला हवं होतं. उतरलं, पण चाळिशीत येऊन रेंगाळलं. स्कॅनमध्ये तेव्हा काहीही दिसत नव्हतं. पुढच्या स्कॅनमध्ये दिसलं. त्या रेंगाळण्याचा अर्थ लावायला ह्या वेळी आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो होतो, हा एक फरक.

आणि एकच तपासणी, एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर. यंत्र बदललं की आकडा बदलतो, रोग नाही. नाइलाजाने बदलावंच लागलं तर एक नमुना दोन्हीकडे चालवून घ्या.

प्रयोगशाळेतल्या मंडळींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगायला नको, पण सांगते. पुरुषाच्या एचसीजीच्या रिपोर्टखाली आठवड्यांचं कोष्टक छापणं हा नुसता विनोद नाही. आमच्याकडचं ते काढायला सॉफ्टवेअरवाल्यांशी चार फोन आणि एक भांडण लागलं. आता पुरुष निवडला की पाळीचा प्रश्न येत नाही. त्याऐवजी विचारलं जातं : गाठ कुठे आहे, शस्त्रक्रिया कधी झाली, आधीचा आकडा किती. ते भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. पहिल्या आठवड्यात वॉर्डांमधून बऱ्याच शिव्या खाल्ल्या.

एक गोष्ट अजून तशीच आहे. आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं : ‘रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.’ आम्ही ते स्वतःचा बचाव म्हणून छापतो, आणि तुम्ही ते वाचत नाही. दोघांनाही हे ठाऊक आहे. ती ओळ काढून तिच्या जागी मला खरोखरचं मत लिहायचं आहे : हा आकडा हायड्रोनेफ्रोसिसने समजावता येतो, हा येत नाही, हा पातळ करून पाहिला, हा पुन्हा दहा दिवसांनी पाठवा. लिहायला मी तयार आहे, आमच्याकडचे आणखी दोघे तयार आहेत. त्यासाठी माहितीच्या रकान्यात तिरक्या रेघेऐवजी दोन ओळी लागतील. अक्षर वाईट असलं तरी चालेल, आम्हाला वाचायची सवय आहे.

आपली,
तळमजल्यावरची एक बायोकेमिस्ट